तरुण संघ : वहीत चाळीस, बाकावर आठ

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा. सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी असो, अलायन्स या प्रॉटेस्टंट पंथाची असो, पाड्यावरची स्वतंत्र सभा असो की कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश), चर्चमधलं चित्र एकच. मुलांची शाब्बाथशाळा भरलेली, महिला मंडळ भरलेलं, आणि मधली सोळा ते सव्वीसची फळी गायब. तरुण संघाच्या वहीत नावं चाळीस, रविवारी बाकावर आठ. त्यातले दोन पाळकसाहेबांच्या घरचे.

गंमत अशी की नाताळच्या आठवड्यात हीच पोरं गोठा बांधायला, तारा लटकवायला, रात्री दोनपर्यंत कॅरल फेरीला हजर असतात. म्हणजे देवाशी भांडण नाही आणि चर्चशी वैरही नाही. मग मधे काय तुटतं?

एक विनंती. 'आजकालची पिढी' नको, मोबाइलला शिव्या नकोत. काय करायचं, किती वेळ, किती खर्च आणि कुठे फसतं एवढंच लिहा.

---

आखाजी

आधी कॅलेंडर उघडा. निम्मं दुखणं तिथे आहे.

नवापूर, साक्री, नंदुरबारच्या पट्ट्यातली तरुण पोरं दिवाळी झाली की बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे एक जोडी. त्यात एकोणीस-वीस वर्षांची नवीन लग्नाची जोडपी आली, आईबापांमागे गेलेली पोरंही आली. परतायला होळी उजाडते, कारखाना लांबला तर एप्रिल. आता आपले सण बघा. नाताळ हंगामाच्या ऐन मध्यावर. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही, म्हणजे हंगामाच्या शेपटाला. वर्षाचा सगळा खर्च आणि उत्साह ज्या दोन सणांवर होतो, ते दोन्ही पगारदारांच्या आणि शाळकरी पोरांच्या सोयीचे. तोडीवरच्या पोराला दोन्ही वेळा चर्च फोनवरच्या फोटोत दिसतं.

पेन्टेकॉस्ट मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. पवित्र आत्मा उतरल्याचा सण, ईस्टरचा रविवार धरून मोजलेला पन्नासावा दिवस. तो १० मे ते १३ जून यांतच पडतो. २०२६ ला २४ मे, २०२७ ला १६ मे. तोवर तोडवाले घरी आलेले, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेलेली, आश्रमशाळांना सुट्टी, आणि पेरणीला अजून अवकाश. अख्ख्या वर्षात सगळी तरुण फळी गावात सापडते ती याच तीन-चार आठवड्यांत. तरुणांचा सण म्हणून हा धरा आणि नाताळच्या खर्चातला एक तृतीयांश इकडे वळवा.

आणि त्या दिवसाचा मजकूर तरी बघा. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. नाना देशांचे लोक जमलेत आणि जो तो आपापल्या बोलीत ऐकतोय. आपल्याकडे अहिराणी, मावची, पावरी, भिली अशा चार बोली एका बाकावर बसतात, आणि उपासना मात्र ठोकळेबाज छापील मराठीत. त्या दिवशी वाचन असं करा : वचन १ ते ४ मराठीत, ५ ते ११ पोरांच्या बोलींत वाटून. एका बोलीला दीड मिनिट पुरतं. शेवटचं अकरावं वचन सगळ्यांनी एकदम, आपापल्या बोलीत. एवढंच. सगळं वाचन एकदम केलंत तर नुसता कालवा होतो आणि म्हातारी माणसं उठून जातात.

फसतं ते भाषांतरात. कॉलेजची पोरं छापील मराठीला शेवटी 'शे' आणि 'नही' चिकटवतात आणि त्याला अहिराणी म्हणतात. कच्चा मजकूर आधी घरातल्या आजीला वाचून दाखवायचा. ती जिथे "काय?" म्हणेल ती ओळ बदलायची.

वेळ संध्याकाळी पावणेसात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो; पत्र्याखाली दुपारची सभा म्हणजे छळ.

---

दुसरा_बाक

सण बदलाल, उरलेल्या ५१ रविवारांचं काय?

पोरं जातात कारण त्यांच्या हातात काही नसतं. फलकावर तीमथ्याच्या पत्रातलं वचन, तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये, आणि फलकाखाली खुर्च्या उचलणारी पोरं. सतरंजी, माइक, चहा, पार्किंग. बस. निर्णय चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत, आणि पंचकमिटीत सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीचा.

उपाय महाग नाही, फक्त जीव घट्ट करावा लागतो. ज्या महिन्यात पाच रविवार येतात त्याचा पाचवा रविवार पुरता तरुणांचा. वर्षात असे चार, कधी पाच येतात. पुरता म्हणजे वचन निवडणं, उपदेश, गाणी, प्रार्थना आणि अर्पण मोजणंसुद्धा त्यांच्याकडे. पाळकांनी तिसऱ्या बाकावर बसायचं.

तयारीला चार आठवडे. पहिल्या आठवड्यात वचन ठरवायचं आणि सगळ्यांनी तेवढंच वाचायचं, स्पष्टीकरणाचं पुस्तक न उघडता. दुसऱ्यात पाळकांबरोबर एक तास : मूळ संदर्भ काय, कोण कुणाला बोलतंय. तिसऱ्यात बोलणारे दोघे लिहून आणतात, प्रत्येकी सहा मिनिटं. हातानं लिहिलेली दीड फुलस्केप पानं म्हणजे साधारण सहा मिनिटं. चौथ्यात रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून एकदा बोलून बघणं, घड्याळ लावून.

बिघडतं दोन ठिकाणी. एक, शनिवारी रात्री मंडळीतले कुणी वडीलधारे "जरा मी बघून घेतो" म्हणतात आणि सगळं पालटतात. त्यानंतर ती दोन पोरं पुन्हा उभी राहत नाहीत. दोन, पोरांचे उपदेश संपले की "दोन शब्द" म्हणून पाळक पंचवीस मिनिटं बोलतात.

पैशाचंही तसंच. संघाला वर्षाला ठरावीक रक्कम द्या, दहा-बारा हजार का असेना. खजिनदार त्यांचा, सह्या दोन, बिल डिंकानं वहीत डकवलेलं, दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर हिशेब मोठ्यानं वाचायचा. पाचशे कमी पडले तर गुपचूप खिशातून भरू नका. पोरांना उभं राहून सांगू द्या की जनरेटरचं भाडं आम्ही धरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी धरतात.

---

काळी_पाच

गाण्यांबद्दल. "पोरं गात नाहीत" ही तक्रार मी पट्टीच्या, म्हणजे पेटीची कुठली कळ सा धरायची याच्या, बाजूने बघतो.

पुरुषांना काळी एक-दोन सोपी, मुलींना काळी चार-पाच. पेटीवाला स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो आणि अर्धा गट तोंड मिटून उभा राहतो. नुसते ओठ हलतात, ते पाळकांना भक्तिभाव वाटतं. :)

गाणं मध्य सा ते तार सा यांत मावत असेल तर काळी एक दोघांनाही चालते. खाली मंद्र पंचमापर्यंत उतरणारं आणि वर धैवतापलीकडे न जाणारं असेल तर पांढरी चार घ्या. तार गंधाराला हात घालणारी नवीन हिंदी गाणी सगळ्यांनी गायची नसतात. अंतरा एकाने म्हणावा, ध्रुवपद सगळ्यांनी. मोबाइलवरचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तो तीन-चार स्वरांनी खाली घेता येतो, फुकटची अ‍ॅप्स आहेत.

जुनी भजनी चालीची पदं पोरांना आवडत नाहीत असं कोण म्हणतं? लय मेलेली असते म्हणून आवडत नाहीत. पेटीवाला दर ओळीला थांबून श्वास घेतो, टाळ नाही, ढोलकी कोपऱ्यात पडलेली. तेच पद भजनाच्या चालीत, दोन टाळ आणि ढोलकी घेऊन, दुगुन (दुप्पट लय) करत न्या. सहा मिनिटांत फरक कळतो.

पत्र्याच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, त्यात आपले लोक अ‍ॅम्प्लिफायरचं इकोचं बटण अर्ध्यावर ठेवतात. ते शून्यावर न्या. स्पीकर माइकच्या पुढे, माइकच्या मागे कधीच नाही. शिट्टी वाजते ती त्यामुळे. माइक तोंडापासून चार बोटं. मागच्या भिंतीला दोन जाड सतरंज्या टांगल्या तर शब्द कळायला लागतात. खर्च शून्य, सतरंज्या आहेतच.

---

सातपुडा_पायथा

ढोलकीवरून आठवलं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरांचा खरा प्रश्न पेटीचा नाहीच, ढोलाचा आहे. काठी गावची राजवाडी होळी आली की गावातला प्रत्येक जण ढोलामागे. ख्रिस्ती घरातल्या पोरानं जायचं की नाही? मंडळीत याचं उत्तर फक्त 'नाही' एवढंच मिळतं, कारण सांगत नाहीत. मग पोरगं एक तर लपून जातं, नाहीतर जात नाही आणि वस्तीत एकटं पडतं. दोन्ही वेळा चर्चवर राग.

माझं मत : वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या करून पोरांपुढे ठेवा. ढोल हे वाद्य. नाच ही गावची जोड. नवस फेडणारे बुध्या-बावा होऊन पथ्यं पाळतात, ती पूजा. दारू हा चौथा विषय, तो सगळ्याच धर्मांत विषय आहे. चारही एकाच पोत्यात भरले की पोर म्हणतं, म्हणजे मी आदिवासी असणंच पाप का? या प्रश्नावर बरीच पोरं चर्च सोडतात.

---

दुसरा_बाक

वाद्य वेगळं आणि पूजा वेगळी हे कागदावर सोपं. पावरी या फुंकवाद्याचं काय? ती डोंगऱ्या देवाच्या पूजेच्या वेळी वाजते. चर्चमध्ये वाजवली तर जुन्या विश्वासणाऱ्यांना पहिल्या सुरालाच डोंगऱ्या देव आठवतो.

---

सातपुडा_पायथा

बरोबर, म्हणून पावरीपासून सुरुवात करू नये. ढोल आधी. ढोल लग्नातही वाजतो, त्यामुळे त्याचा अर्थ एकाच ठिकाणी अडकलेला नाही. पावरीचा निर्णय गावातल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांना विचारून. त्यांनी ती सोडली तेव्हा काय सोडलं हे त्यांनाच ठाऊक. पोरांनी त्यांच्याकडे बसून ते ऐकणं हाच एक चांगला रविवार होईल.

(आणि कृपा करून कुणी नाताळच्या कार्यक्रमात 'आदिवासी नृत्य' म्हणून तारपा आणू नका. तो पालघरकडचा.)

---

फुफाटा

ढोल-पेटी ठीक आहे, पण शहरातल्या पोरांचं दुखणं वेगळं. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पोरांना प्रश्न पडतात आणि विचारायला जागा नाही. माझी हिंदू मैत्रीण नरकात जाणार का? उत्क्रांती शिकलो ते खोटं? प्रार्थना करूनही आई गेली, विश्वास कमी पडला का? यावर "विश्वास ठेव" हे उत्तर म्हणजे दार लावून घेणं.

चिठ्ठ्यांचा डबा ही जुनी युक्ती, पण बहुतेक ठिकाणी ती चुकीची वापरतात. चपलांचा खोका घेतात, "ज्याला विचारायचंय त्यानं टाका" म्हणतात. जो उठून टाकतो तो सगळ्यांना दिसतो. बरोबर रीत अशी : सगळ्यांना एकाच वहीची, एकाच मापाची कागदं आणि एकाच रंगाची पेनं. प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच. प्रश्न नसेल तर वचनातली एक ओळ उतरवून टाकायची, म्हणजे सगळेच लिहिताना दिसतात. डबा तिथल्या तिथे उघडायचा, सगळ्यांसमोर. नेत्यानं घरी नेला की अवघड चिठ्ठ्या वाटेत गळतात, आणि पोरांना ते लगेच कळतं, कारण ज्याची गळाली तो तिथेच बसलेला असतो.

सगळे प्रश्न वाचायचे, उत्तर त्या दिवशी एकाचंच. बाकीचे पुढच्या आठवड्यांसाठी फळ्यावर. उत्तर देणाऱ्याला "याचं मला ठाऊक नाही, विचारून येतो" म्हणायची मुभा, पण पुढच्या वेळी खरंच विचारून यायचं. आणि अक्षर ओळखून "हे तू विचारलंस ना?" असं एकदा जरी झालं तर डबा बंद करा, तो परत चालत नाही.

गट आठ-दहाचा. पंधराच्या वर गेला की दोघे-तिघेच बोलतात. बाक नको, खाली गोल. नव्वद मिनिटं खूप झाली : गाणं दहा, वचन वीस, बोलणं चाळीस, शांतता पाच, प्रार्थना पंधरा.

प्रार्थनाविनंत्यांची काळजी घ्या. "तिच्यासाठी प्रार्थना करा, घरी फार त्रास आहे" म्हणून सांगितलेली गोष्ट सोमवारी सकाळी नळावर असते. गोलात फक्त स्वतःविषयी मागायचं, दुसऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय नाही. हा एक नियम पाळला तरी मुली टिकतात.

---

रक्तगट

धागा वाचतोय. उपास-प्रार्थनेचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण तरुण संघांत 'तीन दिवस निर्जळी' हा प्रकार वाढलाय.

नंदुरबार आणि साक्रीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे प्रत्येक शिबिराच्या नेत्याला पाठ हवं. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, जागरण, अतिश्रम यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो. आता रात्रभर प्रार्थना, डिसेंबरचा गारठा आणि निर्जळी उपास एकत्र करा. पोरगं अंग दुखतंय म्हणून कण्हतं आणि आपले लोक त्याला आत्मिक लढाई म्हणतात. हातपाय, पाठ, छातीत जोराचं दुखणं, ताप, धाप, पोटाची डावी बाजू फुगणं, यांतलं काही दिसलं की गाडी काढायची. प्रार्थना गाडीत करा. नवापूर भागात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय हाताशी आहे, बाकीकडे उपजिल्हा रुग्णालय.

शिबिराच्या फॉर्मवर एक ओळ टाका : सिकलसेल, फेफरं, दमा, मधुमेह, चालू गोळ्या कोणत्या. उपास ऐच्छिक, आणि सिकलसेलच्या पोराला उपास नाहीच. त्यानं त्या दिवशी फोनचा उपास करावा.

'बरं झालो' अशी साक्ष देऊन हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) किंवा फेफऱ्याच्या गोळ्या बंद करायला लावणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. फेफऱ्याची गोळी एकदम थांबवली तर झटके आधीपेक्षा वाईट येतात, जीव जाऊ शकतो. साक्ष द्यायला हरकत नाही, गोळ्या डॉक्टर थांबवतील.

लग्नाआधीच्या वर्गात पाळकसाहेब इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय शिकवतात तेव्हा अर्धा तास यालाही द्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीनं. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट. पण चाचणी साखरपुड्यानंतर नको. तेव्हा रिपोर्ट आला की दोष मुलीच्या माथी मारतात. अठरा वर्षं झाली की संघातल्या सगळ्यांची एकदम, कुणाचं स्थळ चालू नसताना.

---

घंटा_साडेसात

कॅथलिक बाजूनं थोडं. आमच्याकडे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार, निरोप समारंभ झालाय. दोन वर्षं धर्मशिक्षण, प्रश्नोत्तरं पाठ, बिशप येतात, तेल लावतात, फोटो, केक, आणि पुढच्या रविवारी मिस्साला (उपासनेला) अर्धी पोरं नाहीत. कारण त्या दिवसानंतर त्यांना काम नेमून दिलेलं नसतं. दृढीकरणाच्या आधीच्या महिन्यात प्रत्येकाला एक खातं द्या आणि ते पुढचं वर्षभर त्याचंच : वाचक, वेदीसेवकांना शिकवणं, आजाऱ्यांच्या घरी फादरांबरोबर जाणं, बेंजो वाजवणं, काहीही.

७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो आकुतिस संत झाला. १९९१ चा जन्म, २००६ ला पंधराव्या वर्षी गेला, कॉम्प्युटरवर बसून वेबसाइट बनवणारा. पोस्टर सगळीकडे लागलंय. पोस्टर लावून काही होत नाही, पण धर्मग्रामातल्या नोंदवह्या स्कॅन करायला, मिस्साच्या गाण्यांची पडद्यावरची पानं करायला एक पोरगा बसवला तर होतं.

प्रार्थनेचंही शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही. संत इग्नेशियसची रात्रीची उजळणी पोरांना चटकन जमते, कारण तिला ना पुस्तक लागतं ना गाणं. दहा मिनिटं. देवासमोर गप्प बसणं, दिवसात काय चांगलं मिळालं त्याचे आभार, मग सकाळपासूनचा दिवस रीळ फिरवावी तसा मागे बघणं, जिथे खटकलं तिथे थांबून क्षमा मागणं, आणि उद्याची एक गोष्ट हातात धरून झोपणं. बिघडतं ते असं की आठवड्याभरात ती नुसती पापांची यादी होते. म्हणून आभाराला निम्मा वेळ, घड्याळ लावून.

---

फुफाटा

हे आमच्याकडेही चालेल. नाव बदलून घेऊ, नाहीतर वडील मंडळी 'रोमी' (कॅथलिक) म्हणून उठतील. :)

---

कळणा_भाकर

सगळे आत्म्याचं बोलताय, पोटाचं मी बघतो. साठ जणांचं एक संध्याकाळचं जेवण, वरण-बट्टी.

रवाळ गव्हाचं पीठ आठ किलो, त्यात मक्याचं पीठ एक किलो, ओवा ५० ग्रॅम, मोहनाला पाऊण लिटर तेल. पीठ घट्ट, सैल मळलं की बट्टी उकडताना फुटते आणि तेल पिते. उकडून, गार होऊ देऊन मग कापायची. गरम कापली की भुगा. तुरीची डाळ साडेतीन किलो. सोबत कैरीचा ठेचा आणि कांदा. भरीत मे महिन्यात करू नका, भरताचं वांगं थंडीतलं, उन्हाळ्यात बिया दाताखाली येतात. ताक चोवीस लिटर, म्हणजे दही आठ किलो आणि पाणी सोळा लिटर, माणशी दोन पेले. प्यायचं पाणी माणशी चार लिटर धरा : वीस लिटरचे बारा जार.

आणि बट्ट्या तळायला फक्त मुलींना बसवू नका. त्यांचा गट चर्चा ऐकायला आलेला असतो, आणि दर शिबिरात तो चुलीमागेच असतो. पाळ्या लावा.

---

उधना_पॅसेंजर

गळती नेमकी कुठल्या आठवड्यात होते हे पाहिलंय का कुणी? बारावीचा निकाल लागतो, पोरगं सुरत, नाशिक नाहीतर पुण्याला जातं. पहिले तीन रविवार खोली, मेस, कॉलेज यांत जातात. चौथ्या रविवारपर्यंत कुणी चर्चला नेलं नाही तर रविवार हा कपडे धुण्याचा वार होतो. मग थेट लग्न ठरल्यावर फोन येतो, "पाळकसाहेब, सभासदत्वाचा दाखला पाहिजे."

तो दाखला निकालाच्या वेळीच द्या, न मागता. सोबत एका कागदावर त्या शहरातल्या दोन मंडळ्यांचा पत्ता, उपासनेची वेळ आणि भाषा, बस कुठून मिळते ते, आणि तिथल्या एका तरुणाचा नंबर, त्याला विचारून. पाळकांचा नंबर देऊन उपयोग नाही, अठराव्या वर्षी कुणी अनोळखी पाळकाला फोन करत नाही. फोन तिकडून यायला हवा, पहिल्याच आठवड्यात. इकडच्या संघात एक जण याच कामाचा : पहिला, तिसरा, सहावा आठवडा असे तीन फोन. "चर्चला गेलास का" हा पहिला प्रश्न नको. जेवणाचं विचारा.

तोडीवर गेलेल्यांसाठी वेगळं. पडावावर (तोडकऱ्यांच्या तळावर) ट्रक रात्री कधीही भरायला येतो, त्यामुळे ठरलेल्या वेळेची सभा टिकत नाही. पंचवीस मिनिटं, एक पद, एक परिच्छेद, एक प्रार्थना, ट्रक आला की तिथेच आमेन. वाचता येणारा नसेल तर मावची, अहिराणीतलं रेकॉर्डिंग मेमरी कार्डात भरून द्या, पडावावर रेंजचा भरवसा नसतो. लाउडस्पीकर नको, बाहेरचे पाहुणे नेऊ नका, काही वाटू नका. गुजरातेत २००३ चा धर्मांतरविरोधी कायदा आहे, २०२१ ला तो आणखी कडक झाला. बाप्तिस्मा वगैरे जे काही ते गावी परतल्यावर. आपल्याच पडावातल्या चार माणसांनी प्रार्थना केली तर प्रश्न येत नाही.

---

तापीकाठ

दाखल्याचं फार कामाचं. एक नाजूक गोष्ट विचारतो. भुसावळ-जळगावकडे काही पोरं दर रविवारी येतात, गातात, पण बाप्तिस्मा घेत नाहीत. जातीच्या दाखल्याची भीती. त्यांना काय सांगायचं?

---

दुसरा_बाक

खरं तेच सांगायचं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला आज तरी धर्माची अट नाही. अनुसूचित जातीच्या आहे : १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद. त्यात आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध धरले गेले, ख्रिस्ती नाहीत. म्हणजे अनुसूचित जातीच्या पोराची भीती खरी आहे, भ्याडपणा नाही. त्याला स्टेजवरून टोमणे मारू नका, आणि "गुपचूप घे, कागदावर राहू दे" असलाही सल्ला देऊ नका; उद्या नोकरीत तो पकडला गेला तर सल्ला देणारा कुठे असेल? तो आणि त्याचा देव बघतील. तोवर त्याला ढोलकी द्या.

---

फुफाटा

अजून एक राहिलं. अठराच्या आतली मुलं संघात असतील तर शिबिरात प्रत्येक गटासोबत दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. नेत्यानं मुलींना रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, जे काही ते ग्रुपवर. काही विपरीत कळलं तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "मंडळीची बदनामी होईल" हे कारण कायद्याला चालत नाही. मुलांच्या मदतीचा नंबर १०९८, तो हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात.

---

आखाजी

२३ वं स्तोत्र पोरांनी अहिराणीत केलं तर असं होईल, बघा : "परमेश्वर मना मेंढपाळ शे, माले काय बी कमी पडाव नही." ते शिकवताना परदेशी चित्रातला गोरा मेंढपाळ दाखवू नका. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आहेत ना. मेंढरं रानात बसवतात, शेतकरी खताच्या मोबदल्यात धान्य देतो, रात्री वाड्याभोवती जाळी आणि कुत्री. पोरांना एकदा संध्याकाळी तिथे न्या आणि मेंढपाळालाच विचारू द्या की एक मेंढरू हरवलं तर काय करतोस. उत्तर तुम्ही आधी सांगू नका.

---

तापीकाठ

२४ मे पक्कं धरतोय. पाचवा रविवार त्याच महिन्यात ३१ ला येतो, तो तरुणांना देऊन बघतो. डबा, दाखला आणि सिकलसेलची ओळ लगेच सुरू. ढोलाबद्दल म्हाताऱ्यांना विचारतो.

वाचनाला अहिराणी, मावची, भिली मिळाली. पावरी बोलीला कुणी?

---

सातपुडा_पायथा

धडगावकडचे दोघं आहेत, पाठवतो. पण त्यांना माइक देऊ नका. डोंगरात या टेकडीवरून त्या टेकडीवर हाका मारायची सवय, पत्रा हलेल.